चॅट्सवर्थ कसे पाहावे: प्रासाद, बाग आणि डोंगरावरचे पाणी

इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात, डरवेंट नदीच्या काठी चॅट्सवर्थ हाउस हा डेव्हनशायरच्या ड्यूकांचा प्रासाद उभा आहे. ज्या कॅव्हेंडिश घराण्याने ही जागा 1549 मध्ये विकत घेतली, त्याचे वंशज आजही तिथे राहतात. मुलाबाळांकडे इंग्लंडला गेलेले आईवडील आणि शिक्षणासाठी किंवा नोकरीनिमित्त तिथे असलेली तरुण मंडळी या भागात सहलीला जातात, तेव्हा बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो: वाहनतळावर उतरायचे, घाईघाईने दालने पाहायची, कारंज्यासमोर छायाचित्र काढायचे आणि चहा घेऊन परतायचे. असा दिवस वाया गेला असे म्हणता येणार नाही, पण चॅट्सवर्थचे मर्म त्यातून निसटते. हा प्रासाद, त्याची 105 एकरांची बाग, भोवतालचे विस्तीर्ण उद्यान आणि मागचा डोंगर यांची रचना एकमेकांना धरून झालेली आहे आणि त्यांना जोडणारा धागा आहे डोंगरावरून उतारानेच खाली येणारे पाणी. म्हणून या लेखातील सारा क्रम त्या पाण्याच्या वाटेने आखलेला आहे.

दिवस कोणता निवडावा

प्रासाद आणि बाग साधारणपणे मार्चच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत खुली असते आणि मधल्या थंडीच्या महिन्यांत दालनांची साफसफाई व दुरुस्ती चालते. तारखा दरवर्षी थोड्या बदलतात, त्यामुळे विमानाचे किंवा रेल्वेचे आरक्षण करण्यापूर्वी चॅट्सवर्थच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या पाहून घ्याव्यात. पहिल्यांदा जाणाऱ्याने मे किंवा जून निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मे महिन्यात ऱ्होडोडेंड्रॉन आणि अझेलिया फुललेले असतात, जूनमध्ये गुलाब येतात आणि रात्री नऊच्या सुमारासही उजेड असल्याने दिवसभराच्या चालण्यात घाई करावी लागत नाही. सप्टेंबरचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर हा दुसरा उत्तम काळ आहे, कारण उद्यानातली बीचची झाडे तेव्हा तांबूस-सोनेरी होतात आणि शाळा सुरू झालेल्या असल्याने गर्दीही ओसरते.

नोव्हेंबरपासून नाताळापर्यंत प्रासाद एखाद्या कल्पनेभोवती सजवला जातो. लहान मुलांना तो काळ फार आवडतो. मात्र सजावटीखाली मूळ दालने बरीचशी झाकली जातात आणि दिवस चार वाजताच मावळतो, म्हणून तो दुसऱ्या भेटीसाठी राखून ठेवावा. उन्हाळ्याच्या अखेरीस उद्यानात कंट्री फेअर नावाची मोठी जत्रा भरते. त्या दिवसांत रस्ते तुडुंब भरलेले असतात, तेव्हा जत्रेसाठीच जायचे नसेल तर त्या तारखा टाळाव्यात. आठवड्यातला मंगळवार, बुधवार किंवा गुरुवार शनिवार-रविवारपेक्षा केव्हाही बरा.

तिकिटे, सभासदत्व आणि प्रवास

तिकिटे मुख्यतः दोन प्रकारची असतात: प्रासाद आणि बाग एकत्र, किंवा फक्त बाग. लहान मुलांसाठी असलेल्या फार्मयार्डचे तिकीट वेगळे असते. प्रासादात शिरण्याची वेळ आधी निवडावी लागते, म्हणून तिकीट ऑनलाइन काढूनच जावे. इथे एक गैरसमज वारंवार होतो. ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टच्या किंवा इंग्लिश हेरिटेजच्या ताब्यात चॅट्सवर्थ नाही. 1981 मध्ये स्थापन झालेला चॅट्सवर्थ हाउस ट्रस्ट हा स्वतंत्र धर्मादाय न्यास ते चालवतो, त्यामुळे त्या दोन्ही संस्थांची सभासदत्वाची कार्डे इथे चालत नाहीत. भोवतालचे उद्यान आणि मागचे जंगल मात्र चालणाऱ्यांसाठी विनामूल्य खुले आहे. गाडी उभी करायची असल्यास तेवढे शुल्क द्यावे लागते. केवळ नदीकाठी आणि डोंगरावर फिरायचे असेल तर तिकिटाची गरजच नाही, ही गोष्ट मोठ्या कुटुंबाने खर्चाचा हिशेब करताना लक्षात ठेवावी.

लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकावरून चेस्टरफील्डला थेट गाडी जाते आणि सुमारे दोन तास लागतात. चेस्टरफील्डपासून चॅट्सवर्थ अंदाजे 16 किलोमीटरवर आहे. तिथून बस किंवा टॅक्सी घ्यावी. शेफील्डहून बेकवेलच्या दिशेने येणारी बसही प्रासादाजवळ थांबते. ग्रामीण भागातील बसचे वेळापत्रक रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी विरळ होते आणि शेवटची बस आपल्या अपेक्षेपेक्षा लवकर सुटते, म्हणून जाण्याच्या बसपेक्षा परतीच्या बसची वेळ आधी पाहावी आणि ती कागदावर लिहून ठेवावी. डोंगराळ भागात मोबाइलचे नेटवर्क सगळीकडे मिळेलच असे नाही.

कपड्यांबाबत थोडक्यात सांगायचे तर पाऊस येणार हे गृहीत धरावे. छत्रीपेक्षा टोपी असलेले जलरोधक जाकीट सोयीचे पडते, कारण वाऱ्यात छत्री टिकत नाही. बागेच्या वाटा खडीच्या, गवताच्या आणि चढउताराच्या आहेत, म्हणून घट्ट बसणारे व न घसरणारे बूट हवेत. साडी नेसून जाणाऱ्या ज्येष्ठ स्त्रियांनी चपलेऐवजी बूटच घालावेत. पाठीवरची पिशवी प्रासादात पुढे किंवा हातात धरावी लागते, तेव्हा ती शक्य तितकी लहान असावी.

पहिला टप्पा: आधी डोंगर

प्रासाद उघडण्यापूर्वी पोहोचता आले तर थेट दाराशी जाऊ नये. तिकिटावरची वेळ साडेअकराच्या आसपासची घ्यावी आणि त्याआधीचा वेळ मागच्या स्टँड वुड नावाच्या जंगलात घालवावा. तबेल्यांच्या मागून वर जाणारी वाट पायऱ्यापायऱ्यांनी हंटिंग टॉवरपर्यंत चढते. हा चार कोपऱ्यांवर गोल बुरूज असलेला मनोरा 1580 च्या दशकातला, म्हणजे आजच्या प्रासादाहूनही जुना आहे. बेस ऑफ हार्डविक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कर्तबगार स्त्रीने आपले पती सर विल्यम कॅव्हेंडिश यांच्यासह 1552 मध्ये इथे पहिले घर बांधायला घेतले. त्या घराच्या काळातली उभी राहिलेली मोठी खूण म्हणजे हा मनोरा. शिकार पाहण्यासाठी स्त्रिया आणि पाहुणे इथे येऊन बसत. आत प्रवेश नाही, पण पायथ्यापासून खालचे खोरे नजरेत येते.

मनोऱ्याच्या मागे सपाटीवर गेल्यावर झाडांमध्ये एम्परर लेक हा तलाव लागतो, आणि दिवसभर जे पाहायचे आहे त्याची किल्ली तिथे आहे. रशियाचा झार पहिला निकोलस 1844 मध्ये चॅट्सवर्थला येणार अशी अपेक्षा होती. त्याच्या स्वागतासाठी सहाव्या ड्यूकने आपला बागप्रमुख जोसेफ पॅक्स्टन याला जगातले सर्वांत उंच कारंजे उभारायला सांगितले. पॅक्स्टनने वरच्या माळरानावरचे पाणी चर खणून गोळा केले, आठ एकरांचा हा तलाव खोदला आणि तिथून लोखंडी नळ खाली बागेत नेला. तलाव आणि बाग यांच्या उंचीत सुमारे 350 फुटांचा फरक आहे. त्या उंचीचा दाब एवढा की कारंज्याला कोणताही पंप लागत नाही, आणि त्याची 296 फुटांपर्यंतची उंची नोंदलेली आहे. कात्रजहून पुण्यात आणलेले पेशवेकालीन पाणी किंवा औरंगाबादच्या पाणचक्कीचे पाणी ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे तत्त्व परके वाटणार नाही. काम वेळेत पुरे व्हावे म्हणून मजुरांनी रात्रीही मशालींच्या उजेडात खोदाई केली. झार इंग्लंडला आला, पण चॅट्सवर्थला आलाच नाही. कारंज्याला मात्र त्याचेच पद चिकटले.

या चढउताराला तलावासह सव्वा ते दीड तास लागतो. ज्यांचे गुडघे दुखतात किंवा ज्यांच्याबरोबर बाळाची ढकलगाडी आहे, त्यांनी हा टप्पा वगळून नदीकाठच्या सपाट हिरवळीवर चालावे. तिथून जेम्स पेन याने 1760 च्या दशकात बांधलेल्या तीन कमानींच्या पुलावरून प्रासादाची पश्चिम बाजू दिसते. आपल्याला नैसर्गिक वाटणारे हे लोभस खोरे प्रत्यक्षात लॅन्सलॉट ब्राउन या उद्यानरचनाकाराने त्याच दशकात घडवले आहे. त्याने जुन्या आखीव बागा मोडून गवताचे उतार केले आणि नदीचे रूप बदलले. दृश्यात कुठे झाड असावे आणि कुठे नसावे, हेसुद्धा त्यानेच ठरवले.

दुसरा टप्पा: प्रासादाच्या आत

आत जाण्यापूर्वी थोडा इतिहास माहीत असावा, नाही तर दालने नुसती श्रीमंतीची रांग वाटतात. बेसच्या पतीच्याच नावाचा वंशज विल्यम कॅव्हेंडिश, डेव्हनशायरचा चौथा अर्ल, हा 1688 मध्ये ज्या सात जणांनी ऑरेंजच्या विल्यमला (पुढचा तिसरा विल्यम राजा) इंग्लंडमध्ये येण्याचे निमंत्रण पाठवले, त्यांच्यापैकी एक होता. नवा राजा गादीवर आल्यावर 1694 मध्ये तो पहिला ड्यूक झाला. त्याच सुमारास त्याने बेसचे घर एकेक बाजू करून पाडले आणि विल्यम टॅलमनसारख्या वास्तुरचनाकारांकडून आजचा प्रासाद 1707 पर्यंत उभा केला.

फेरी उत्तरेकडच्या प्रवेशदालनातून सुरू होते आणि लगेच पेंटेड हॉलमध्ये पोहोचते. भिंती आणि छत यांवर लुई लागेर याने ज्युलियस सीझरच्या आयुष्यातले प्रसंग चितारले आहेत. सीझरच्या आडून तिसऱ्या विल्यम राजाचा गौरव केलेला आहे, हे ठाऊक असले की राजकीय कृतज्ञता भिंतीवर कशी रंगवतात ते दिसते. इथे पाच मिनिटे एका जागी उभे राहावे. पुढचे प्रार्थनागृह 1690 च्या दशकात पूर्ण झाल्यापासून फारसे बदललेले नाही. अलाबास्टर दगडाची त्याची वेदी आणि तिच्या शेजारचे सुगंधी लाकडाचे कोरीवकाम मी या घरातले सर्वांत निर्मळ काम मानतो. पुष्कळ लोक ते दारातूनच पाहून पुढे जातात. तसे करू नये.

त्यानंतरचा जिना चढून राजदालने येतात. ही दालने सर्वांत वरच्या मजल्यावर आहेत आणि एकातून दुसऱ्यात उघडत जातात: आधी मोठे सभादालन, मग बैठकीचे, मग संगीताचे, मग शयनकक्ष आणि शेवटी छोटी खासगी खोली. पाहुण्याचा दर्जा जितका वरचा, तितका तो या रांगेत आत जाऊ शकत असे. ही सगळी तयारी विल्यम राजा आणि मेरी राणी यांच्या भेटीसाठी होती, आणि तेही कधी आले नाहीत. म्हणजे चॅट्सवर्थचे सर्वांत भव्य दालन आणि सर्वांत उंच कारंजे ही दोन्ही न आलेल्या पाहुण्यांसाठी झाली आहेत. दोन्ही कामे दीडशे वर्षांच्या अंतराने झाली, तरी यजमानाच्या मनातली आकांक्षा तीच होती असे मला वाटते.

पहिल्या राजदालनात मान वर करून छत पाहावे. अंतोनियो व्हेरिओ या चित्रकाराचे घरातल्या व्यवस्थापक बाईंशी, मिसेस हॅकेट यांच्याशी, पटत नव्हते असे सांगतात. त्याने आयुष्याचा धागा कात्रीने तोडणाऱ्या नियतिदेवतेला त्यांचा चेहरा दिला. संगीतदालनात दाराच्या आतल्या पाखावर टांगलेले व्हायोलिन दिसते. ते सपाट फळीवर यान व्हान डर व्हार्ट याने रंगवलेले आहे, आणि जवळ जाऊनही डोळ्यांचा विश्वास बसत नाही. शयनकक्षातला पलंग दुसऱ्या जॉर्ज राजाचा आहे. तो 1760 मध्ये वारला तेव्हा चौथा ड्यूक राजगृहाचा अधिकारी होता आणि प्रथेप्रमाणे राजाचे सामान त्याच्याकडे आले.

खोल्यांमध्ये उजेड कमी का, असा प्रश्न आपल्याकडचे पाहुणे नेहमी विचारतात. तीनशे वर्षांचे रेशीम, चित्रे आणि वॉलपेपर सूर्यप्रकाशाने फिके पडतात, म्हणून पडदे ओढलेले असतात. हात न लावण्याचे कारणही तेच आहे: बोटांवरचे तेल आणि घाम लाकडावर व सोन्याच्या मुलाम्यावर साचत जातो. स्वतःसाठी छायाचित्रे काढायला हरकत नसते, पण फ्लॅश आणि तिपाई चालत नाही. प्रत्येक दालनात माहिती देणारे कर्मचारी किंवा स्वयंसेवक उभे असतात. आपण होऊन ते बोलत नाहीत, पण विचारले तर भरभरून सांगतात. संकोच न करता त्यांना एकच प्रश्न विचारावा: या खोलीत तुम्हाला स्वतःला काय आवडते? फलकावर नसलेली माहिती हमखास मिळते.

खाली उतरताना ग्रंथालय आणि मोठे भोजनदालन लागते. व्हिक्टोरिया राजकन्या असताना, 1832 मध्ये, तेरा वर्षांची मुलगी म्हणून मोठ्या माणसांच्या पंगतीत पहिल्यांदा याच भोजनदालनात बसली होती. शेवटी शिल्पदालन येते, आणि तिथे वेळ राखून ठेवायलाच हवा. अविवाहित राहिलेल्या सहाव्या ड्यूकने आपल्या काळातल्या शिल्पकारांची कामे, विशेषतः इटलीतल्या कानोव्हाची, मोठ्या हौसेने जमवली. निजलेला एंडिमियन आणि नेपोलियनच्या आईची बसलेली मूर्ती सावकाश चहूबाजूंनी पाहावी. छतातून येणारा प्रकाश ढगांबरोबर बदलतो आणि संगमरवराचा पोतही त्याच्याबरोबर बदलताना दिसतो. बुरखा घेतलेल्या कुमारिकेचे राफाएल्ले मोंती याने केलेले शिल्पही या घरात आहे. दगडातून पातळ कापडाचा भास कसा निर्माण केला असेल, या विचाराने लोक तिच्यासमोर थबकतात.

एकूण फेरीला दीड तास धरावा. वरच्या मजल्यावर जाण्यासाठी जिने बरेच आहेत. चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी आणि जिना न चढू शकणाऱ्यांसाठी सोय असते, पण एका वेळी मोजक्याच लोकांना ती वापरता येते, तेव्हा आधी कळवून ठेवणे हाच खात्रीचा मार्ग आहे.

तिसरा टप्पा: जेवण

प्रासादाबाहेर जुन्या तबेल्यांच्या चौकात उपाहारगृहे आहेत. 1760 च्या सुमारास घोड्यांसाठी बांधलेली ती इमारत आपल्याकडच्या एखाद्या संस्थानिकाच्या राजवाड्याहून मोठी वाटेल. शाकाहारी पदार्थ मिळतात, परंतु दुपारी एक ते दोन या वेळात रांग फार लांबते. साडेबाराला किंवा अडीचला जावे. घरून डबा आणला असेल तर तो बागेत हिरवळीवर बसून खाता येतो आणि कुटुंबासह जाणाऱ्यांना तेच सोयीचे व स्वस्त पडते. थेपले, धपाटे किंवा दशम्या यांसारखे कोरडे पदार्थ न्यावेत आणि कचरा बरोबर परत न्यावा. अंडे न खाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की जवळच्या बेकवेल गावाचे नाव मिरवणारे प्रसिद्ध पुडिंग अंड्याशिवाय होत नाही. तिथल्या बहुतेक केकचीही तीच गोष्ट आहे.

चौथा टप्पा: बाग, पाण्याच्या उताराने

बागेला किमान तीन तास द्यावेत. आधी वरच्या अंगाला चढून मग खाली यावे, म्हणजे पाय थकल्यावर चढ उरत नाही आणि पाण्याचा प्रवासही क्रमाने कळतो.

वर चढल्यावर कॅस्केड लागतो. ग्रिये नावाच्या फ्रेंच अभियंत्याने 1690 च्या दशकात पहिल्या ड्यूकसाठी ही दगडी पायऱ्यांची जलधारा उभारली. पायऱ्यांचे 24 गट आहेत आणि प्रत्येकाची रुंदी व खोली वेगळी, त्यामुळे पाण्याचा आवाज प्रत्येक गटापाशी बदलतो. माथ्यावरचा छोटा मंडप टॉमस आर्चर याचा, 1703 चा आहे. कॅस्केडवरून आलेले पाणी तिथेच संपत नाही: ते जमिनीखालच्या नळातून दक्षिणेच्या हिरवळीवरच्या समुद्राश्वांच्या कारंज्यात जाते, तिथून पश्चिमेच्या बागेतल्या कारंज्यात आणि अखेर नदीला मिळते. एकच पाणी तीनदा उपयोगी आणण्याची ही तीन शतकांपूर्वीची काटकसर मला या बागेतल्या कोणत्याही फुलापेक्षा सुंदर वाटते. गळतीमुळे अलीकडच्या वर्षांत कॅस्केडचे पाणी बंद ठेवावे लागले असून तिथे मोठ्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेतलेले आहे, म्हणून पाणी वाहते आहे की नाही हे जाण्यापूर्वी पाहून घ्यावे. कोरड्या पायऱ्यांवरून त्यांची रचना अधिक स्पष्ट दिसते, हेही खरे. उन्हाळ्यात माळरानावरचा साठा कमी झाला तर मोठे कारंजेही बंद ठेवतात.

याच पाण्यावर 1893 पासून 1936 पर्यंत चाललेल्या टर्बाइनांनी घराला वीज पुरवली आणि 1988 मध्ये नवे टर्बाइन बसवून ती परंपरा पुन्हा सुरू झाली.

कॅस्केडच्या दक्षिणेला विलो ट्री फाउंटन आहे. हे धातूचे झाड खऱ्या झाडासारखे दिसते आणि अचानक फांद्यांतून पाणी उडवते. पाहुण्यांना भिजवण्याची ही गंमत 1690 च्या दशकापासूनची आहे, सध्याचे झाड मात्र नंतरचे. लहान मुलांना इथून हलवणे कठीण जाते. पुढे पॅक्स्टनने प्रचंड शिळा एकमेकींवर रचून केलेली दगडबाग येते. हे खडक निसर्गाने ठेवले असावेत असे वाटते, पण एकेक शिळा माणसांनी आणि घोड्यांनी ओढून आणलेली आहे.

पॅक्स्टनबद्दल इथे थोडे थांबून बोलणे आवश्यक आहे. शेतकरी कुटुंबातला हा मुलगा 1826 मध्ये, वयाची तेवीस वर्षेही पुरी झालेली नसताना, इथे बागप्रमुख म्हणून आला. त्याच्याच सांगण्याप्रमाणे तो पहाटे साडेचारला पोहोचला, भिंत चढून आत शिरला, बाग फिरून पाहिली, सहा वाजता माणसांना कामाला लावले आणि न्याहारीच्या वेळी व्यवस्थापक बाईंच्या भाचीच्या, सारा बाउनच्या, प्रेमात पडला. पुढे तिच्याशीच त्याचे लग्न झाले. त्याने 1836 ते 1841 या काळात इथे जे महाकाय काचघर उभारले, ते 277 फूट लांब आणि 123 फूट रुंद होते आणि 1843 मध्ये व्हिक्टोरिया राणी बग्गीत बसून त्याच्या आतून गेली. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडे थंडीने मेली, आणि 1920 मध्ये काचघर सुरुंग लावून पाडले गेले. आज तिथे 1962 मध्ये लावलेल्या यू झाडांचा भुलभुलैया आहे. काचघराच्या भट्ट्यांपर्यंत कोळसा आणणारा भुयारी मार्ग मात्र अजून आहे आणि त्याच्या काही भागातून चालत जाता येते. वरचा बगिचा धुराने डागाळू नये म्हणून माणसे जमिनीखालून कोळसा ओढत होती, हे त्या भुयारात शिरल्यावर जसे जाणवते तसे कोणत्याही फलकावरून जाणवत नाही.

भारताचा संबंध इथे जवळचा आहे. पॅक्स्टनने 1835 मध्ये जॉन गिब्सन या तरुण माळ्याला कलकत्त्याला पाठवले. मुंबईच्या राणीच्या बागेत ज्याला उर्वशी म्हणून ओळखतात, तो लाल-गुलाबी झुंबरांचा ब्रह्मदेशी वृक्ष मिळवणे हा त्याचा मुख्य हेतू होता. शिवाय त्याने खासी टेकड्यांतून असंख्य ऑर्किडे गोळा केली आणि 1837 मध्ये ती घेऊन परतला. त्यांपैकी एका ऑर्किडला ड्यूकच्या, एकाला पॅक्स्टनच्या आणि एकाला गिब्सनच्या नावावरून शास्त्रीय नावे मिळाली. उर्वशीला मात्र इंग्लंडमधली पहिली फुले 1849 मध्ये लंडनजवळच्या दुसऱ्याच एका बागेत आली. त्याच वर्षी चॅट्सवर्थला दक्षिण अमेरिकेतले महाकमळ प्रथम फुलले, आणि त्याच्या पानाखालच्या शिरांच्या जाळ्यावरून पॅक्स्टनला छप्पर तोलण्याची जी युक्ती सुचली, ती लंडनमधल्या 1851 च्या मोठ्या प्रदर्शनासाठी उभारलेल्या क्रिस्टल पॅलेस या काचेच्या इमारतीत त्याने वापरली.

दुसरा धागा थेट खानदेशात पोहोचतो. मॉरिशसहून इंग्लंडमध्ये आलेल्या केळीचे रोप पॅक्स्टनने मिळवले, 1835 मध्ये ते इथे फुलले आणि त्या केळीला ड्यूकच्या घराण्याचे, म्हणजे कॅव्हेंडिश हे नाव मिळाले. जळगाव, रावेर आणि यावलच्या बागांतली बसराई, श्रीमंती आणि ग्रँड नैन या जाती याच कॅव्हेंडिश गटातल्या आहेत. जळगावची रोपे चॅट्सवर्थहून आली असा याचा अर्थ नव्हे. गटाचे नाव तेवढे या बागेतून जगभर गेले. डिस्प्ले हाउस हे काचघर खुले असेल तर तिथली केळ जरूर पाहावी.

शेवटी भुलभुलैयाकडून उतरत लांबलचक कालव्यासारख्या तळ्याच्या दूरच्या टोकाला जावे. बहुतेक लोक प्रासादाकडून तळे पाहतात, पण दक्षिणेच्या टोकावरून पाण्यापलीकडे प्रासाद दिसतो आणि कारंजे सुरू असेल तर ते त्याच्यासमोर उभे राहते. तळे 1702 मध्ये खोदले गेले. सकाळी डोंगरावर पाहिलेल्या तलावाचे पाणी इथे कुठल्याही यंत्राशिवाय उसळते, हे मनात ठेवून त्या कडेने प्रासादापर्यंत चालत यावे. दक्षिणेच्या बाजूच्या खिडक्यांच्या चौकटींवर सोन्याचा मुलामा आहे. ऊन पडले की तो झळाळतो.

घर टिकले कसे

एवढा खर्च कुठून झाला, हा प्रश्न पडलाच पाहिजे. सोळाव्या शतकात मठांच्या जमिनी खालसा होत असताना बेसचा पती विल्यम कॅव्हेंडिश याने केलेली सरकारी चाकरी, नंतर जमिनींचा खंड, शिसे व तांब्याच्या खाणी आणि राजकारणातली पदे यांवर हे घराणे वाढले. पुढे आठवा ड्यूक झालेला लॉर्ड हार्टिंग्टन 1880 ते 1882 या काळात भारतमंत्री होता, आणि दहावा ड्यूक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारत व ब्रह्मदेश खात्याचा उपमंत्री होता. दालनांतल्या चित्रांखालची नावे वाचताना हे आठवणीत असावे.

सामान्य माणसांना हे घर पाहू देण्याची रीत मात्र जुनी आहे. सहाव्या ड्यूकने अगदी गरीब पाहुण्यासाठीही कारंजी सुरू करण्याची आज्ञा दिलेली होती, आणि 1849 मध्ये जवळच्या रोझली गावापर्यंत रेल्वे आल्यावर त्या उन्हाळ्यात सुमारे 80,000 लोक इथे आले. दहावा ड्यूक नोव्हेंबर 1950 मध्ये वारला. त्याने इस्टेट वारसांच्या नावे केली होती, पण करातून सुटण्यासाठी लागणारी पाच वर्षे पुरी व्हायला चौदा आठवडे कमी पडले आणि मालमत्तेवर 80 टक्के वारसाकर लागला. तो फेडताना जमिनी, मौल्यवान चित्रे आणि बेसने बांधलेला हार्डविक हॉल हे सारे द्यावे लागले. आज तिकिटाचा पैसा न्यासाकडे जातो आणि दुरुस्तीला लागतो, म्हणून तिकीट महाग वाटले तरी ते कशासाठी आहे हे कळते.

परतण्यापूर्वी, आणि दुसरा दिवस असल्यास

वेळ उरला तर पूल ओलांडून अर्ध्या तासाच्या चालीवर असलेल्या Edensor या गावात जावे. नावाचा उच्चार एन्झर असा करतात, बसचालकाला विचारताना तो उपयोगी पडतो. या गावातली नदीकडची घरे हटवून 1840 च्या सुमारास ते नव्याने बांधले गेले. प्रत्येक घराची घडण वेगळी आहे. चर्चच्या आवारात पॅक्स्टनची कबर आहे. तिथेच अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची बहीण कॅथलीन हिचीही कबर आहे, कारण तिचे लग्न या घराण्यातल्या, युद्धात मारल्या गेलेल्या ज्येष्ठ मुलाशी झाले होते. घरे खासगी आहेत, तेव्हा कुंपणाबाहेरूनच पाहावीत.

मुक्काम करता आला तर दुसरा दिवस हार्डविक हॉलला द्यावा. 1590 च्या दशकात वृद्ध बेसने स्वतःसाठी उभारलेल्या या घरात भिंतींपेक्षा खिडक्या अधिक आहेत, आणि माथ्यावर तिच्या नावाची आद्याक्षरे दगडात कोरून आकाशाला दाखवलेली आहेत. चॅट्सवर्थला पिढ्यापिढ्यांनी बदलत नेले; हार्डविक मात्र बहुतांशी तिच्या काळात थांबलेले आहे, म्हणून दोन्ही पाठोपाठ पाहिली की फरक डोळ्यांत भरतो. हार्डविक 1959 पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे, तेव्हा ते कार्ड तिथे चालते. मात्र घर आणि बाग यांच्या उघडण्याच्या वेळा वेगवेगळ्या असतात आणि सार्वजनिक वाहतूक तुटपुंजी आहे, म्हणून टॅक्सी ठरवताना परतीची वेळही चालकाशी आधीच पक्की करावी.